अर्थतज्ज्ञ आणि लोकजीवन : सिरोंच्यातून केलेला एक विचार

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, सत्काराची छायाचित्रे असतात, यशस्वी माजी विद्यार्थ्यांची नामावली असते. अशा अंकात अर्थशास्त्रज्ञांच्या सार्वजनिक कार्यावरील लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वर्गातील एका लहानशा प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात ‘दरडोई उत्पन्न’ ही संकल्पना शिकवीत होतो. राज्याचे एकूण उत्पन्न भागिले राज्याची लोकसंख्या, असे सूत्र फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, या सरासरीत आमचे बाबा कुठे बसतात?” त्याचे आईवडील मे महिन्यात तेंदूपाने तोडतात, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करतात आणि पुढे मिरची तोडायला नदी ओलांडून तेलंगणात जातात. मी सरासरीची व्याख्या पुन्हा एकदा सांगितली. मुलगा खाली बसला. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेले नव्हते, हे मला त्याच क्षणी कळले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

तीन कार्ये

विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन-अध्यापन करणारा मनुष्य लोकजीवनात काय करू शकतो? महाराष्ट्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहता तीन कार्ये ठळकपणे दिसतात. पहिले, सत्तेपुढे निर्भयपणे साक्ष देणे. दुसरे, आपला सिद्धान्त प्रत्यक्ष व्यवहारात उतरवून पाहणे. तिसरे, जे कोणी मोजलेले नाही ते मोजणे. या तीनही कार्यांची थोर उदाहरणे आपल्या भाषेच्या प्रदेशात आहेत, आणि तीनही कार्यांतील धोकेही त्याच उदाहरणांतून कळतात.

साक्ष : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बाबासाहेबांना आपण घटनाकार, मुक्तिदाते आणि धम्मप्रवर्तक म्हणून वंदन करतो. ते व्यवसायाने प्रथम अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवीत. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळवली.

रुपयाचा तो प्रश्न कोणता होता? १८९३ मध्ये सरकारने चांदीची खुली टांकसाळ बंद केली आणि पुढे रुपयाचे मूल्य ब्रिटिश पौंडाशी सरकारी व्यवस्थापनाने जोडून ठेवले. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची प्रशंसा केली होती. तिशीतील आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा : या व्यवस्थेत रुपये किती पाडावेत यावर सरकारला खरे बंधन नाही, रुपये वाढले की वस्तूंचे भाव चढतात, आणि भाव चढले की ज्याची मजुरी मागे रेंगाळते त्या श्रमिकाचा घास लहान होतो. रुपयाचा भाव उतरल्याने निर्यात वाढते आणि देशाचा लाभ होतो, असे व्यापारीवर्ग म्हणत असे. त्यावर त्यांनी दाखवून दिले की, हा लाभ देशाचा नसून एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला पैसा आहे. चलनाच्या रूक्ष चर्चेत मजुराला पक्षकार म्हणून उभे करणे, हे त्यांच्या अर्थशास्त्राचे वैशिष्ट्य होय.

१५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. येथे आपल्या सभांतून वारंवार ऐकू येणाऱ्या एका विधानाविषयी सावधपणे बोलणे आवश्यक आहे. भारतीय रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून स्थापन झाली, असे आपण अभिमानाने सांगतो. वस्तुस्थिती अशी की, आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, तिच्यासाठी १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँकेचे कामकाज सुरू झाले. चलनव्यवस्थेविषयी बाबासाहेबांनी मांडलेली मूळ भूमिका आयोगाने जशीच्या तशी स्वीकारली नाही. परंतु यामुळे त्यांचे मोठेपण उणे होत नाही. चलन निर्माण करणाऱ्याच्या मर्जीला नियमाचे बंधन हवे आणि भाववाढीचा भार कोणावर पडतो हे विचारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही जिवंत आहे. ज्यांनी प्रत्येक विधानाला पुरावा मागितला, त्यांच्याविषयी बोलताना आपण पुराव्यापेक्षा अधिक बोलू नये.

दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. ‘रुपयाचा प्रश्न’ या ग्रंथाला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि तीत शिष्याच्या अनेक मतांशी आपण सहमत नाही असे उघडपणे नमूद केले. तरीही शिष्याच्या विचारांतील ताजेपणाचा त्यांनी गौरव केला, आणि शिष्याने ती प्रस्तावना आपल्या ग्रंथाच्या अग्रभागी छापली. मतभेद हा अपमान नव्हे, हा संस्कार त्या दोन पानांत आहे.

पुढे हेच अर्थशास्त्र विधिमंडळात गेले. १९१८ मध्ये एका अभ्यासपत्रिकेत त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला होता. जमीन लहान की मोठी हे केवळ एकरांवरून ठरत नाही; तिच्यावर लावलेले भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते; आणि शेतीवर साचलेल्या जादा श्रमशक्तीला उद्योगांत काम मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शेतजमिनीच्या वाटणीला आळा घालणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. कारण त्याचा परिणाम अनेकांना भूमिहीन करण्यात झाला असता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. अभ्यासपत्रिकेतील लेखापासून कायद्याच्या मसुद्यापर्यंतचा हा सलग प्रवास आहे.

प्रयोग : धनंजयराव गाडगीळ

डॉ. धनंजयराव गाडगीळ (१९०१–१९७१) यांचे भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. ग्रंथालयात बसून आयुष्य काढण्याइतकी विद्वत्ता त्यांच्यापाशी होती. परंतु अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे सहकारी शेतकरी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभारू पाहत होते, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रवरेच्या त्या सहकारी कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी आरंभीची अनेक वर्षे सांभाळले. ऊस पिकवणारा साखरेचाही मालक होऊ शकतो, हा सिद्धान्त तेथे गळीत हंगामाच्या कसोटीला उतरला.

पुढे १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राने राज्यांना द्यावयाची मदत मर्जीवर अवलंबून राहू नये म्हणून त्यांनी एक सूत्र तयार केले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता, आणि दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष समस्या यांना प्रत्येकी १० टक्के. ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. ज्याचा दिल्लीत वशिला त्याला निधी, या रीतीला नियमाने उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता.

या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सहकाराचा वृक्ष जेथे पाणी, भांडवल आणि संघटित शेतकरी होते तेथे फोफावला. ज्याच्यापाशी जमीनच नाही, तो सहकारी कारखान्याचा सभासद होऊ शकत नाही. तो त्या कारखान्यासाठी ऊस तोडतो. एका ठिकाणी यशस्वी झालेला उपाय दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही, हे विदर्भाने अनुभवले आहे.

मोजमाप : वि. म. दांडेकर

१९७१ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : माणसाला जगण्यापुरते अन्न मिळण्यासाठी किती खर्च लागतो आणि तेवढाही खर्च करू न शकणारे लोक किती आहेत? दररोज २,२५० उष्मांक ही किमान गरज धरून, १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी सीमा त्यांनी काढली. त्या सीमेखाली ग्रामीण भारतातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भारतातील सुमारे ५० टक्के लोक होते. भाषणातील ‘गरिबी’ या शब्दाला या अभ्यासाने आकडा दिला. आकडा मिळाला की, सरकारला उत्तर द्यावे लागते.

दांडेकरांचे आपल्याशी अधिक जवळचे नाते दुसऱ्या एका अहवालाने जोडले गेले. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाट्याचे आश्वासन मिळाले होते. घटनेच्या ३७१ (२) या अनुच्छेदात त्यासाठी तरतूदही झाली. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे आणि ती तूट भरून काढण्यास किती खर्च येईल, हे समितीने मोजले. १९८४ च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये होता. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी ५५ लाख, म्हणजे सुमारे ३९ टक्के. ‘अनुशेष’ हा कार्यालयीन शब्द तेव्हापासून विदर्भातील चहाच्या टपरीवरही बोलला जाऊ लागला. एका अभ्यासकाच्या अहवालाने सामान्य माणसाच्या तक्रारीला भाषा दिली, असे म्हणता येईल.

येथेच वर्गातील त्या मुलाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. समितीचे एकक होते जिल्हा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. परंतु जिल्ह्यातही देसाईगंज वेगळे आणि सिरोंचा वेगळे. जिल्ह्याच्या सरासरीत वैनगंगेकाठची सुपीक बांधी आणि इंद्रावतीकाठचे पावसाळ्यात तुटणारे गाव एकाच आकड्यात मिसळतात. सरासरी खोटे बोलत नाही. पण ती सर्व सांगतही नाही. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक धरले, ही महत्त्वाची सुधारणा होती. एकक बदलले की दृष्टी बदलते. ‘कोणाची सरासरी?’ हा प्रश्न विचारल्याखेरीज कोणताही आकडा स्वीकारू नये, हा यातील धडा.

जे मोजले जात नव्हते : सुखदेव थोरात

अमरावती जिल्ह्यातील महिमापूर या खेड्यात जन्मलेले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. बाजारपेठ जात पाहत नाही, ती केवळ गुणवत्ता पाहते, असे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गृहीत धरले जाते. थोरात आणि पॉल अटवेल यांनी हे गृहीतक तपासले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक केवळ आडनावांचा होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढील बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक तृतीयांश निघाली.

आपल्यापैकी अनेकांना हे अनुभवाने ठाऊक होते. पण अनुभव सांगितला की, ‘तुझाच गैरसमज असेल’ असे उत्तर मिळे. अभ्यासाने ते उत्तर देणे कठीण केले. कोणता प्रश्न विचारावा, हे बहुधा विचारणारा कोठून आला यावर अवलंबून असते. म्हणूनच खेड्यांतील, वस्त्यांतील, वनांतील मुलांनी अर्थशास्त्र शिकले पाहिजे. ते शिकले नाहीत, तर त्यांचे प्रश्न कोणी विचारणारच नाही.

तज्ज्ञतेच्या मर्यादा

अर्थतज्ज्ञ चुकतात. ते आपापसांत भांडतात. कधी सत्तेच्या खुर्चीजवळ गेल्यावर त्यांचे प्रश्न सौम्य होतात. कधी लोकांना कळू नये अशा भाषेत ते लिहितात. त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवणे आणि त्यांची सरसकट टवाळी करणे, या दोन्ही गोष्टी लोकशाहीला सारख्याच घातक होत.

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा उभा राहिला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन राज्यांत करार झाला. २१ जून २०१९ रोजी ८५ दरवाजांच्या या बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. या बंधाऱ्यासह उभारलेल्या कालेश्वरम प्रकल्पाचा लाभ त्याच्या खर्चापेक्षा कमी भरतो, असा हिशोब नंतर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मांडला. पण त्याही हिशोबाच्या पलीकडे आपला प्रश्न उरतो. पाणी त्या तीराला आणि फुगवट्याने बुडणारे शेत या तीराला, असे असेल तर लाभ-व्ययाच्या एकाच वहीत दोन्ही तीरांची नोंद कोणी करावयाची? प्रकल्प चांगला की वाईट, हे ठरवण्यापूर्वी जमाखर्च पूर्ण आहे का, हे विचारणे आवश्यक आहे. तो प्रश्न विचारण्यास डॉक्टरेट लागत नाही. मात्र तो टिकवून धरण्यास कागद, आकडे आणि चिकाटी लागते.

आपल्याच जिल्ह्यात याचा एक सुंदर आदर्श आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ‘अभ्यासगट’ चालवले. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, जंगल आणि हिशोब यांचा अभ्यास करीत; निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जाणकाराने माहिती द्यावी, पर्याय मांडावेत, परिणाम सांगावेत. निर्णय लोकांनी करावा. अर्थतज्ज्ञाचे सार्वजनिक स्थान याहून नेमकेपणाने दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्यापुढील कार्य

या शाळेतून शिकून गेलेले कित्येक जण आज बँकांत, महाविद्यालयांत, कोषागारांत, सांख्यिकी कार्यालयांत आहेत. त्यांना एक विनंती करून हा लेख संपवतो. आपण दरवर्षी एकत्र येऊन सिरोंचा तालुक्याची एक हिशोबवही तयार करावी. तीत मोठे सिद्धान्त नकोत. तेंदूच्या फळीवर शेकडा पुड्यांना काय दर ठरला आणि प्रत्यक्ष किती मिळाला. लिलावातील ग्रामसभेची रक्कम केव्हा जमा झाली. रोजगार हमीचे किती दिवस मिळाले आणि मजुरी किती दिवसांनी आली. दवाखान्यात पोहोचण्यास किती वेळ आणि किती पैसे लागले. किती कुटुंबे मिरचीतोडीला गेली आणि त्यांची मुले त्या काळात कोठे होती, एवढेच लिहावे. तारीख घालून, खोडाखोड न करता, आपल्या बाजूने न वाकवता लिहावे. आपल्याला अप्रिय असलेला आकडाही लिहावा. दहा वर्षांनी ही वही एखाद्या समितीपुढे ठेवता येईल, आणि तोपर्यंत ती ग्रामसभेत वाचता येईल.

तसे झाले, तर मागच्या बाकावरील मुलाने विचारलेल्या प्रश्नाला फळ्यावरच्या सूत्राऐवजी त्याच्या गावाचा आकडा दाखवता येईल. अर्थात, तो आकडा त्यानेच मोजलेला असावा, ही माझी खरी इच्छा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रुपयाचा भाव उतरल्याने होणारा लाभ ‘देशाचा’ की ‘एका वर्गाचा’, हे आपण कसे ठरवाल?

२. आपल्या तालुक्यातील कोणती तूट जिल्ह्याच्या सरासरीत झाकली जाते? दोन उदाहरणे द्या.

३. आपल्या घरातील एका वर्षाचे उत्पन्न महिन्यांनुसार मांडा. कोणत्या महिन्यांत कर्ज काढावे लागते आणि का, ते लिहा.

४. जाणकाराचे मत आणि ग्रामसभेचा निर्णय यांत विरोध आल्यास काय करावे? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.